डावा पाय उचलून राह्यलो होतो

बुलढाण्यात चिखली रोडला उतरून माझं खरं नाव विचारलंत तर कुणी सांगायचं नाही. ‘सोनोग्राफीवाला कोल्हापूर’ म्हणा, पानटपरीवालाही बोट करून गॅरेज दाखवेल. यातली सोनोग्राफी हे लोणारकडच्या एका आजींचं देणं. नातवाच्या जीपमधून आल्या होत्या. मी स्कॅनरची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात बसवून पडद्याकडे बघत होतो, तेवढ्यात त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

“गाडीची सोनोग्राफी करून राह्यला काय रे बाबू?”

“होय आजी.”

“मंग काय हाये पोटात?”

कोल्हापूर हे नाव मात्र रहीमभाईंनी ठेवलं. रहीमभाई म्हणजे गॅरेजचे मालक, माझे उस्ताद. मी आजऱ्याकडचा. नववीत शाळा सोडली. शाळेनंही फार धरून ठेवलं नाही. पुढे एका रस्ते बांधणाऱ्या ठेकेदाराच्या डंपरवर मेकॅनिक म्हणून फिरत फिरत बुलढाण्याला आलो. काम संपलं, तंबू उठला, बाकीचे गावाकडे गेले. मला गावाकडे जाऊन काय करायचं ते सुचेना, म्हणून मी या गॅरेजच्या दारात उभा राहिलो. रहीमभाईंनी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, “ये अंदर.” एवढीच माझी मुलाखत. आज बायकापोरांसह इथे राहतो ते त्या दोन शब्दांवर. दिवाळी अंकासाठी काही लिही असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा हेच लिहायचं ठरवलं होतं. ते लिहून झालं. आता गाडीचं.

गाडीच्या आधी भाषेचं सांगायला हवं, कारण ते दोन्ही पुढे एकमेकांत अडकणार आहेत.

गॅरेजवरचे माझे पहिले दिवस. दुपारी रहीमभाई डबा उघडून बसले होते. फोन आला म्हणून बाहेर गेले. बाहेरून आवाज ऐकू आला, “हाव हाव, जेवून राह्यलो.” मी मनात म्हटलं, चला, उस्तादांचं जेवण झालं. नवा माणूस, जरा चांगलं दिसावं म्हणून मी उरलेली भाजी कुत्र्याला घातली आणि डबा घासायला घेतला. रहीमभाई अर्धी पोळी हातात घेऊन परत आले.

“अबे कोल्हापूर! मी जेवून राह्यलो आन् तू डबा धुऊन राह्यला?”

“तुम्हीच म्हणालात की जेवून राहिलो.”

“त काय खोटं बोलून राह्यलो? जेवूनच राह्यलो ना!”

आमच्याकडे माणूस ‘जेवायलोय’ म्हणतो. इथे तोच माणूस ‘जेवून राह्यलो’ म्हणतो, आणि घास अजून तोंडात असतो. माझ्या कानाला ते जेवण उरकून बसल्यासारखं लागतं. ‘मले’, ‘तुले’, ‘का’ऐवजी ‘काऊन’ यांची सवय लवकर झाली, पण हे ‘राह्यलो’ मला बरीच वर्षं चकवत राहिलं. घाईत असलो की अजूनही कान कोल्हापूरला जातो.

स्कॅनर आला तेव्हा गॅरेजमध्ये माझ्यापेक्षा जुने, हुशार कारागीर होते. रहीमभाईंनी ते यंत्र माझ्या हातात दिलं. पडद्यावर सगळं इंग्रजी, आणि माझं इंग्रजी नववीतल्या धड्यांपाशी थांबलेलं. मी म्हटलं, “उस्ताद, दुसऱ्या कुणाला द्या. माझ्याकडून चुकेल.”

“म्हणूनच तुले देऊन राह्यलो,” ते म्हणाले. “तू डरपोक हायेस. डरनारा मानूस दोनदा इचारते.”

मी खरंच भित्रा आहे. चाकाचे नट आवळून झाल्यावरही परत जाऊन हात लावून येतो. गाडी गेल्यावर तिचा आवाज वळणापर्यंत ऐकतो. बायको म्हणते, तुम्ही घराला कुलूप लावता की कुलपाची परीक्षा घेता. या कामात मात्र हा दुर्गुण खपून गेला.

लोकांना वाटतं, स्कॅनर लावला की गाडीत काय बिघडलं ते पडद्यावर उमटतं. तसं असतं तर माझी गरजच नव्हती. गाडीतला कॉम्प्युटर फक्त तक्रार नोंदवतो. प्रत्येक तक्रारीला एक अक्षर आणि चार आकडे, त्याला आम्ही कोड म्हणतो. तक्रार कुठून आली ते कोड सांगतो. कुणामुळे आली ते आपण शोधायचं. कित्येकांना तेवढंही नको असतं. चिखलीचे एक व्यापारी दर दिवाळीआधी येऊन सांगतात, “कोल्हापूर, ते मीटरमधली पिवळी लाइट फक्त बुजवून दे, सासरी जायचं हाये.”

आता ब्रेकच्या पेडलचं. पेडलच्या दांड्याशी वर एक छोटा सेन्सर असतो, आम्ही स्विचच म्हणतो. पाय पडला की तो गाडीला सांगतो, ब्रेक दाबला. त्याच्या पोटात दोन साक्षीदार असतात. पाय नसताना एक ‘नाही’ म्हणतो, दुसरा ‘मोकळा’ म्हणतो. पाय पडला की दोघांनी एकाच क्षणी आपापलं म्हणणं फिरवायचं. एकाने फिरवलं आणि दुसरा तसाच राहिला तर कॉम्प्युटरला संशय येतो. अशा वेळी एक्सिलरेटर दाबलेला असेल तर तो इंजिनाची ओढ कमी करतो. ब्रेक आणि एक्सिलरेटर दोन्ही दाबलेत असं वाटलं तर गाडीने थांबण्याच्या बाजूने राहावं, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण चढावर, मागे ट्रक असताना तो फार महागात पडतो.

वानखडेकाकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

काका मोताळ्याचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उंच, ताठ, बोलणं कमी. राजूरचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल, तो घाटच जाणे. निवृत्तीनंतर काकूंच्या किडनीचं दुखणं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्यांना बुलढाण्याला आणायचं, म्हणजे पुन्हा तोच घाट. मुलगा प्रशांत चिखलीला एका कॉलेजात क्लार्क. त्याने वडिलांचा त्रास कमी व्हावा म्हणून ऑटो गियरची पांढरी गाडी घेऊन दिली होती. तिला क्लच नाही, पेडल दोनच.

एके दिवशी घाटातल्या वळणावर गाडीची ओढच गेली. काका चालवत होते, प्रशांत शेजारी, काकू मागे. पाठीमागचा ट्रक कसाबसा थांबला. ट्रकवाला खाली उतरून ओरडला, “चढावर ब्रेक काऊन दाबून राह्यला बे म्हाताऱ्या? लाइट पेटून राह्यले ना मांगचे!”

काका म्हणाले, मी ब्रेकला पाय लावला नाही. प्रशांतने पुढे स्वतः गाडी चालवली, काहीच झालं नाही. तो गाडी आमच्याकडे घेऊन आला.

मी स्कॅनर लावला. कोड तोच, ब्रेक स्विचच्या दोन साक्षीदारांचं जमत नाही. अशा वेळी बहुतेकदा स्विचच गेलेला असतो. मी नवा बसवला, पेडल वर-खाली करून पडद्यावर दोघांची उत्तरं पाहिली, घाटात फिरवून आणली. चोख चालली. पुढच्या डायलिसिसला काका निघाले, आणि त्याच घाटात पुन्हा तेच.

प्रशांत गाडी घेऊन परत आला. गाडी उभी करून किल्ली त्याने स्वतःच्या खिशात ठेवली, मग आठवण झाल्यासारखी काढून मला दिली. मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, मी चालवतो तेव्हा होत नाही. तुम्ही चालवता तेव्हा होत नाही. बाबांचा डावा पाय सारी जिंदगी क्लचवर होता. आता क्लच नाही, तो पाय ब्रेकवरच पडत असन. त्यांना कळत नसन.” मग म्हणाला, “मागं आई बसलेली असते हो.”

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ऑटो गियरवर आलेले कितीतरी जुने ड्रायव्हर डाव्या पायाने ब्रेक मारतात, मीही मारला आहे. तो म्हणाला, एकदा शेवटचं बघा, काही निघालं नाही तर गाडी मी चिखलीला ठेवून घेतो आणि आईसाठी भाड्याची गाडी लावून देतो.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच आले, एसटीने. रहीमभाईंनी बाक पुसून दिला. “आज पॅसेंजर बनून आले साहेब?”

“ड्रायव्हरच्या मांगच्या शिटावर बसलो,” काका म्हणाले. “सारा घाट त्याच्याच पायाकडं पाहून राह्यलो. आपला पाय कसा पडते ते मलेच आता ध्यानात येत नाही.”

मग माझ्याकडे वळले. “बाबू, पोरगं खोटं बोलत नाही. ट्रकवाल्यानं लाइट पाह्यले, तो कायले खोटं बोलन? आता मलेच वाटून राह्यलं का पाय पडत असन. तुही मशीन एवढं सांगते ना, मंग एवढंच सांग. माहा पाय मले फसवून राह्यला का?”

मी विचारलं, “काका, नीट आठवून सांगा. ओढ गेली त्या वेळी डावा पाय कुठं होता?”

“डावा पाय त उचलून राह्यलो होतो ना.”

“उचलून?”

“हाव. दोनी वेळा. देवाशपथ, उचलून राह्यलो होतो.”

मला बरं वाटलं. पाय उचलून ठेवलेला होता, म्हणजे पेडलपासून लांब. डावा पाय सुटला. आता मी गाडीमागे लागलो. काका जसे बसतात तशी सीट पुढे ओढली, कारण त्यांना बससारखं स्टिअरिंगला लागून ताठ बसायची सवय. डावा पाय मागे घेऊन उचलून धरला आणि घाटाचा फेरा मारला. काही नाही. वायरिंगचे सॉकेट उघडून पुसले. काही नाही. दुपारपर्यंत माझा धीर सुटत आला. काही निघालं नाही, हे तीन शब्द मी प्रशांतला फोनवर सांगणार, आणि त्या तीन शब्दांत काकांचा पाय दोषी ठरणार. यंत्र मुकं राहिलं की माणसावर आळ येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. काका बाकावर बसून होते. चहाला नको म्हणाले, पाण्यालाही नको म्हणाले.

रहीमभाई जेवायला बसले. फोन वाजला.

“हाव,” ते म्हणाले, “जेवून राह्यलो. बोला.”

मी वर पाहिलं. त्यांच्या हातात घास होता.

हातातला पाना खाली ठेवून मी काकांसमोर जाऊन बसलो. “काका, डावा पाय उचलून राह्यलो होतो म्हणजे कसं? करून दाखवा.”

काकांना माझा प्रश्न वेडेपणाचा वाटला असणार. पण त्यांनी बाकावर बसल्या बसल्या डावा पाय जमिनीवरून उचलला. गुडघा वर आला, टाच पुढे सरकली आणि हवेतच थांबली. तो पाय क्लच दाबायला निघालेला होता. वळणावर चढ आला की बसचा गियर खाली घ्यायचा, त्यासाठी क्लच. पाय पूर्वीच्याच जागी पूर्वीचं काम करायला निघत होता, आणि खाली काही नाही असं कळल्यावर परत येत होता. काका मला सकाळपासून सांगत होते की त्या क्षणी मी पाय उचलत होतो. मी ऐकत होतो की पाय उचलून ठेवलेला होता.

“उस्ताद,” मी ओरडलो, “हे डबा धुतल्यासारखं झालं!”

रहीमभाईंना काहीच कळलं नाही, पण घास तसाच टाकून ते गाडीपाशी आले. मी काकांना सीटवर बसवलं, स्कॅनर शेजारी ठेवला, इंजिन चालू केलं आणि म्हटलं, “वळण आलं. गियर खाली घ्या.”

काकांचा गुडघा वर आला. पडद्यावर एक साक्षीदार फिरला. म्हणाला, ब्रेक दाबला. दुसरा जागेवर होता. रहीमभाई मागून बोलले, “लाइट पेटले बे!” काकांचा पाय पेडलपासून वीतभर दूर होता.

मी खाली आडवा झालो. डॅशबोर्डच्या खाली, जिथे काकांचा उंच गुडघा टेकत होता, तिथे एक जादा वायर लोंबत होती. कंपनीची नव्हे, नंतर कुणीतरी टाकलेली. दोन ठिकाणी सोलून जोड दिलेला, वर चिकटपट्टी, ती गरमीने सुटलेली. एक जोड ब्रेकलाइटच्या वायरीला (एक साक्षीदार त्याच वायरीवरून बोलतो), दुसरा कायम करंट असलेल्या वायरीला. गुडघा लागला की दोन्ही उघडे जोड एकमेकांना भिडायचे आणि करंट ब्रेकलाइटच्या वायरीत शिरायचा. लाइट पेटायचे, आणि कॉम्प्युटरला वाटायचं ब्रेक लागला. मी नवा स्विच बघितला, घाटात फेरा मारला, सॉकेट बघितले. पण माझा पाय एकदाही क्लचसाठी उठला नाही, म्हणून गुडघा तिथे पोचलाच नव्हता.

वायरचा माग काढत मागच्या काचेपाशी पोचलो. तिथे लाल दिव्यांची लुकलुकणारी पट्टी होती, ब्रेक मारला की फडफडणारी. दुकानातून बसवून घेतात तसली.

संध्याकाळी प्रशांत आला. मी त्याला वायर दाखवली, पट्टी दाखवली. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं.

“ही मीच बसवून आणली होती,” तो म्हणाला. “बाबांनी ब्रेक मारला का मागच्याले लांबून दिसावं म्हणून.”

“मले म्हनला होता शोभेची हाये,” काका म्हणाले.

“तुम्हाले खरं सांगतलं असतं त लावू दिली असती का?”

मला वाटलं, आता त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल. आळ गेला होता ना. पण ते स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. “म्हंजे पाय उचलते त खरंच,” ते म्हणाले. “प्रशांत अर्धं बरोबरच बोलून राह्यला होता.”

वायर मी काढून टाकली. पण या अर्ध्याचं काय करायचं, ते कुठल्या कोडमध्ये नव्हतं. आज पाय हवेतून परत येतो. एखाद्या दिवशी ब्रेकवर उतरला तर? तेव्हा दोन्ही साक्षीदार खरं बोलतील आणि मागे काकू बसलेल्या असतील. प्रशांतच्या मनातही तेच असावं. तो मला म्हणाला, “दादा, उद्या आईचं डायलिसिस हाये. तुम्ही बाबांच्या शेजारी बसा. मशीन लावून. तुम्ही म्हणाल तसं.”

काका म्हणाले, “खरं सांगजो. माही भीड ठेवू नको.”

रात्रभर मला नीट झोप लागली नाही. गाडी पास करणं वेगळं. माणूस पास करायला मी कोण, नववीतून उठलेला?

सकाळी प्रशांतनेच गाडी मोताळ्याला नेली, मी बरोबर. काकू घरातून निघाल्या, पदर सावरत मागे बसल्या, प्रशांत त्यांच्याजवळ. काका ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्यांनी सीट पुढे ओढली. मी म्हटलं, “काका, डाव्या पायाला बाजूची ती जागा आहे, तिथं टेकवून ठेवा.” त्यांनी मान हलवली. स्कॅनर माझ्या मांडीवर होता, ब्रेकच्या दोन्ही ओळी उघडलेल्या.

राजूर मागे गेलं, घाट लागला. पहिल्या वळणाला पाय टेकलेला राहिला. दुसऱ्यालाही. मग ते वळण आलं. समोरून एसटी उतरत होती, तिच्या ड्रायव्हरने काकांना ओळखून हात वर केला. काकांनीही केला. आणि तेवढ्यात त्यांचा गुडघा वर आला.

मी पडद्याकडे बघायचं सोडून पायाकडे बघितलं. टाच पुढे आली, जराशी थांबली, जिथे आता काहीच नव्हतं तिथे काही शोधलं, आणि ब्रेकच्या बाजूला न वळता सरळ मागे येऊन आपल्या जागेवर टेकली. पडद्यावरच्या दोन्ही ओळी हलल्या नव्हत्या. गाडी ओढ घेत वळणाबाहेर निघाली.

“काय सांगून राह्यली तुही मशीन?” काकांनी समोर बघत विचारलं.

“मशीन गप्प हाये काका.”

“आन् पाय?”

मागे प्रशांत पुढे वाकला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. खरं सांगायचं कबूल केलं होतं.

“पाय उचलून राह्यला,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा बरोबर जागी पडला. “पण ब्रेकवर जात नाही. उचलते आन् वापस येते.”

प्रशांत मागे टेकून बसला. काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“येऊ दे वापस,” ते म्हणाले. “त्याले बिचाऱ्याले कोनं सांगतलंच नाही का आपून रिटायर झालो म्हणून.”

मागून काकू म्हणाल्या, “पायालेच काऊन? तुमाले तरी कोनं सांगतलं? समोर पाहा.”